पावडरीच्या पाकिटामागचे आकडे: विदर्भाच्या उन्हात पळणाऱ्यांसाठी

मागच्या मार्चमधली गोष्ट. गावाबाहेरच्या गायरानावर आम्ही चुन्याने दोनशे मीटरचा गोल आखतो, त्यावर पोलीस भरतीच्या पोरांची १६०० मीटरची चाचणी होती. म्हणजे आठ फेऱ्या. पाचव्या फेरीत एक पोट्टा गोल सोडून थेट कुटाराच्या ढिगामागे पळाला. बऱ्याच वेळाने पोट धरून परत आला.

"काय झालं बे?"

"लय मुरडा आला जी सर."

त्याची बाटली हातात घेतली. अर्ध्या लिटरच्या बाटलीत नारिंगी रंगाचं, बोटाला चिकटणारं पाणी. स्पोर्ट्स ड्रिंक पावडरीचं एक माप टाकायचं तिथे त्याने तीन टाकली होती. का, तर "जास्त टाकलं तं जास्त ताकद येईन ना जी."

दोष पावडरीचा नव्हता. किती पाण्यात किती टाकायची हे पाकिटाच्या मागे छापलं होतं. त्याने वाचलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर तोवर मीही कधी नीट वाचलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या मैदानावर पाकीट आधी उलटं धरायचं, मग फोडायचं, असा नियम आहे. ते कसं वाचायचं, हिशेब कसा करायचा आणि मुळात पावडर लागते कोणाला, हे इथे सविस्तर लिहितो.

पाकिटात असतं तरी काय

साखर, मीठ, आंबटपणा, रंग आणि वास. बस. नावं मात्र भारदस्त असतात. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज. सुक्रोज म्हणजे आपल्या डब्यातली साखर. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे मक्यासारख्या धान्याच्या स्टार्चपासून केलेली, कमी गोड लागणारी पण तितकीच ऊर्जा देणारी पावडर. फ्रुक्टोज ही फळांतली साखर. चारही कर्बोदकंच, आणि प्रत्येकाच्या एका ग्रॅममध्ये साधारण ४ किलोकॅलरी. मिठाच्या बाजूला सोडियम क्लोराइड म्हणजे घरचं मीठ, ट्रायसोडियम सायट्रेट हा सोडियमचा दुसरा क्षार, आणि पोटॅशियम क्लोराइड. सायट्रिक अॅसिड म्हणजे लिंबाचा आंबटपणा.

साखर आणि मीठ एकत्र का, याचं उत्तर लहान आतड्यात आहे. तिथे ग्लुकोज आणि सोडियम एकाच दारातून, जोडीने आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती. सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं वाचवली, ती याच दाराच्या भरवशावर. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड यांनी १९६५ मध्ये तिथल्या फुटबॉल संघासाठी गेटोरेड बनवलं, त्यातही मीठ-साखरेची हीच जोडी. फरक फक्त प्रमाणाचा. पण सगळा खेळ त्या प्रमाणाचाच आहे, म्हणून पुढे सरळ आकडेमोड करू.

आधी घाम मोजा

पावडर विकत घ्यायच्या आधी तुमचा घाम किती जातो ते काढा. वजनकाटा लागतो. घरी नसेल तर आरोग्य उपकेंद्रात किंवा जिमवाल्याकडे असतो. काटा नेहमी एकच ठेवा, कारण दोन काट्यांत अर्ध्या किलोचा फरक सहज निघतो. सरावाच्या आधी लघवीला जाऊन या आणि कमीत कमी कपड्यांवर वजन करा. तासभर नेहमीसारखा सराव करा, मध्ये जेवढं पाणी प्याल तेवढं मोजून प्या. संपल्यावर अंग कोरडं पुसा आणि पुन्हा वजन करा.

आमच्या एका मुलीचा हिशेब देतो. आधी ४८ किलो, नंतर ४७.१ किलो, मध्ये प्यायली ३०० मिलिलिटर. वजन घटलं ९०० ग्रॅम, त्यात प्यायलेलं ३०० मिळवा. तासाला १२०० मिलिलिटर घाम, म्हणजे सव्वा लिटरला थोडा कमी. ही मोजणी फेब्रुवारीतली. एप्रिलमध्ये तोच सराव केला तर आकडा वाढतो, म्हणून हंगाम बदलला की पुन्हा मोजा. माणसामाणसात फरकही मोठा असतो. तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत काहीही निघू शकतं.

आता वजनाच्या २ टक्के काढा. ४८ किलोचे २ टक्के म्हणजे ९६० ग्रॅम. यापेक्षा जास्त पाणी गेलं की पळण्याचा दम घसरायला लागतो, उन्हात तर लवकरच. ती मुलगी ९०० वर होती, अगदी काठावर. उलटी चूकही होते. सरावानंतर वजन आधीपेक्षा वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी ढोसलं आहे. तासन्‌तास नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं.

घामातून मीठही जातं. सरासरी एका लिटर घामात सुमारे ८०० मिलिग्रॅम सोडियम असतं, पण कोणाच्या घामात त्याच्या निम्मं, कोणाच्या दुप्पट. हे मोजायला प्रयोगशाळा लागते, अंदाजाला काळं बनियन पुरतं. वाळल्यावर पाठीवर पांढरे नकाशे उमटले की समजा तुमचा घाम खारट आहे.

आता पाकीट उलटं धरा

पुढच्या बाजूला वाघ, वीज, धावणारा माणूस काहीही असो, तिकडे बघू नका. मागे पोषणमूल्यांचा चौकोन असतो. त्यात साधारण दोन रकाने असतात, एक १०० ग्रॅम पावडरीचा आणि एक एका सर्व्हिंगचा, म्हणजे एका वेळी घ्यायच्या मापाचा. पोरं १०० ग्रॅमचा रकाना वाचतात आणि "यात एवढी ताकद आहे" म्हणतात. तुम्ही १०० ग्रॅम पिणार आहात का? सर्व्हिंग किती ग्रॅमची आणि ती किती पाण्यात घालायची, हे दोन आकडे आधी शोधा. पाण्याचा आकडा बहुधा चौकोनाच्या बाहेर, बनवण्याच्या कृतीत लपलेला असतो.

नमुन्यासाठी एक पाकीट धरू. सर्व्हिंग ३५ ग्रॅम, पाणी ५०० मिलिलिटर. १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं ९२ ग्रॅम, सोडियम ६०० मिलिग्रॅम.

३५ ग्रॅममध्ये कर्बोदकं किती? ९२ गुणिले ३५ भागिले १००, म्हणजे ३२ ग्रॅम. ती ५०० मिलिलिटरमध्ये विरघळली. १०० मिलिलिटरमध्ये किती? ३२ भागिले ५, म्हणजे ६.४. हा झाला तुमचा टक्का.

६ ते ८ टक्के हे पळताना पिण्याचं प्रमाण. त्याच्या वर गेलं की पेय पोटात रेंगाळतं, आणि फारच घट्ट असेल तर आतडं ते पातळ करायला शरीरातलंच पाणी उलटं आत ओढून घेतं. कुटाराच्या ढिगाकडे पळालेल्या पोट्ट्याची बाटली अशीच होती. तीन मापं म्हणजे ९६ ग्रॅम कर्बोदकं, अर्ध्या लिटरमध्ये. १९ टक्के! उसाच्या रसातसुद्धा एवढी साखर नसते. बाटलीतली शीतपेयं १०-११ टक्क्यांची असतात, म्हणून सरावाच्या मध्ये तीही पोटात गडगडतात.

मग सोडियम. ३५ ग्रॅममध्ये २१० मिलिग्रॅम, अर्ध्या लिटरला. लिटरला ४२०. खेळाच्या पेयात लिटरला साधारण ४६० ते ६९० मिलिग्रॅम असावं, असं व्यायामशास्त्रातली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. म्हणजे आपला नमुना किंचित कमी, पण चालण्यासारखा. खारट घामवाल्याने त्यात चिमूटभर मीठ टाकावं.

एवढे दोनच आकडे कामाचे, टक्का आणि लिटरला सोडियम. ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, पाकिटं बदलली तरी तुलना करता येते. घटकांची यादीही एकदा नजरेखालून घाला. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलं नाव साखरेचं आणि शेवटून दुसरं सोडियमचं असेल तर पाकिटाचं चरित्र कळलंच.

तीन पाकिटं, तीन वेगळी कामं

गावच्या किराण्यात आणि मेडिकलमध्ये तीन प्रकारच्या पावडरी शेजारी शेजारी असतात आणि सगळ्यांनाच "ग्लुकोज" म्हणतात. घोळ इथेच होतो.

पहिली, साधी ग्लुकोज पावडर. ती जवळजवळ पूर्ण ग्लुकोज असते, सोबत एखादं जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम घातलेलं. ऊर्जा मिळते, पण मीठ नगण्य. उन्हातून आल्यावर पेलाभर प्यायला गोड वाटते हे खरं. पण घामाची भरपाई तिच्याने होत नाही.

दुसरी, ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लिटरमध्ये मीठ २.६ ग्रॅम, निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. हिशेब करा. साखर १.३५ टक्के, सोडियम लिटरला १७२५ मिलिग्रॅम. म्हणजे खेळाच्या पेयाच्या अगदी उलट, मीठ जास्त आणि साखर कमी. हे जुलाबाचं औषध आहे. मैदानावर कोणाला हगवण लागली, किंवा उन्हात प्रमाणाबाहेर घाम जाऊन हातपाय गळाले, तर हेच द्यावं. रोजच्या सरावात पळायला ऊर्जा म्हणून नाही. आणखी एक गोष्ट. नावात ओआरएस लिहिलेली गोड पेयं खोक्यातून विकली जायची, त्यांचा या सूत्राशी संबंध नसायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर हा शब्द वापरायला बंदी केली. जुना माल कुठे दिसला तर सूत्राचे आकडे ताडून बघा.

तिसरी, खरी स्पोर्ट्स ड्रिंक पावडर, वरच्या नमुन्यासारखी. आता तिच्यात एक पोटजात आली आहे, साखरमुक्त इलेक्ट्रोलाइट, म्हणजे नुसते क्षार. सुक्रालोजसारखा गोडवा असतो, ऊर्जा शून्य. वजन कमी करणाऱ्यांना ठीक, दोन तास कबड्डी खेळणाऱ्याला अपुरी.

बाकी जे काही छापलेलं असतं त्यावर फार वेळ घालवू नका. ब जीवनसत्त्वं, क जीवनसत्त्व, टॉरिन, अमिनो आम्लं. रोज वरण-भात-भाजी खाणाऱ्याला पळता पळता त्यांचा फायदा होत नाही. पोटॅशियम हवं असतं, पण घामातून ते थोडंच जातं, लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास. एका मध्यम केळात त्याहून जास्त असतं.

कॅफिन मात्र बघाच. प्री-वर्कआउट नावाच्या, व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीत ते भरपूर असतं. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं भरतीच्या सकाळी, आधीच छाती धडधडत असताना, ते घेतात आणि पहिल्याच फेरीत सगळी हवा काढून बसतात. जिल्हा-राज्य पातळीवर खेळणाऱ्यांना दुसरीही भीती आहे. अनेक घटकांच्या मिश्र पावडरीत बंदी असलेलं काही निघालं तर जबाबदारी खेळाडूचीच. "मला माहीत नव्हतं" हे उत्तर उत्तेजक चाचणीत चालत नाही.

चमच्याचा भरवसा नाही

पाकिटातलं माप हरवतं, मग घरचा चमचा येतो. एकाच घरातल्या दोन चमच्यांत किती फरक निघतो हे पाहायचं असेल तर किराणा दुकानात जा. दुकानदाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर कागद ठेवून शून्य करायला सांगा. तुमच्या चमच्याने पावडरीचे दहा सपाट चमचे टाका, वरचा ढीग सुरीच्या पाठीने काढून. जे वजन येईल त्याला दहाने भागा. चमच्याच्या दांड्यावर नेलपॉलिशने खूण करा आणि तो चमचा फक्त याच कामाला ठेवा. मिठाचंही असंच करा. चहाचा सपाट चमचा मीठ साधारण ५ ते ६ ग्रॅम भरतं.

मिसळताना आधी अर्ध्या पाण्यात पावडर टाकून हलवा, मग पाणी पूर्ण करा. बाटलीवर ५०० लिहिलेलं असलं तरी गळ्यापर्यंत भरली तर ती ५४०-५५० घेते. एवढ्याने बिघडत नाही.

पाण्याचं मात्र बिघडू शकतं. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात राहत असाल तर बोअरचं पाणी स्वतःच खारट असतं. त्यात मीठवालं पेय बनवलं तर चव जाते आणि सोडियमचा हिशेबही चुकतो. तिथे नळयोजनेचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या.

घरचं, आणि तितकंच चांगलं

मैदानावरच्या निम्म्या पोरांचे बाप मजुरीला जातात. त्यांना मी पाकीट घ्यायला सांगत नाही. १ लिटर पिण्याचं पाणी, ६० ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ म्हणजे चहाचा पाव सपाट चमचा, आणि एक लिंबू. साखर ६ टक्के, आणि एका ग्रॅम मिठात सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम धरलं तर लिटरला ५८५ मिलिग्रॅम. बरोबर पट्ट्यात! साखर ४०-४५ रुपये किलो धरली तर तिचा खर्च पावणेतीन रुपयांच्या आत.

"सर, सैंधव टाकलं तं चालते का?" चालतं. उपवासाच्या दिवशी खुशाल टाका, तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच आहे. गूळही चालतो, फक्त गाळून घ्या.

ताक आणि मठ्ठा पळताना नको, पोटात डुचमळतो. सराव संपल्यावर मीठ घालून दोन पेले प्या, त्यासारखं दुसरं काही नाही. जोडीला एक केळ किंवा हंगामात दोन संत्री, आणि मूठभर गूळ-फुटाणे. जेवढं वजन घटलं त्याच्या दीडपट पाणी पुढच्या काही तासांत थोडं थोडं करून पोटात जायला हवं. ९०० ग्रॅम घटले तर साधारण १३५० मिलिलिटर.

खिशात कांदा ठेवून पळणारी पोरंही आहेत. ठेवा, माझी हरकत नाही. पण बाटली घरी विसरू नका.

कोणाला लागते, कोणाला नाही

पोलीस भरतीची पुरुषांची १६०० मीटर आणि महिलांची ८०० मीटर दौड ही काही मिनिटांची असते. एवढ्या वेळात प्यायलेलं पेय आतड्यापर्यंत धड पोहोचतही नाही. त्या दिवशी आदल्या रात्रीचं जेवण आणि सकाळचं साधं पाणी कामाचं. तासाभराच्या आत संपणाऱ्या सरावालाही साधं पाणी पुरतं. पेय लागतं ते तासापलीकडे, दिवसातून दोन वेळा सराव असेल तेव्हा, आणि कबड्डी-खोखोच्या स्पर्धांत, जिथे दुपारच्या उन्हात तीन-तीन सामने खेळावे लागतात. अशा वेळी तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पुरेशी, म्हणजे ६ टक्क्यांचं अर्धा ते एक लिटर, दर १५-२० मिनिटांनी १५०-२०० मिलिलिटर असं.

घरी बसून टीव्ही बघताना हे पिणं म्हणजे साखर पिणं. पाकिटावरचं टक्केवारीचं गणित दिवसाला ५० ग्रॅम अतिरिक्त साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम धरून केलेलं असतं. एका लिटरमध्ये साखरेचा कोटा पार होतो. मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नये.

कोणतंही पेय उन्हापासून वाचवत नाही, हेही सांगून ठेवतो. नवतपात आम्ही पहाटे पाचला सुरू करतो आणि सातला मैदान रिकामं करतो. पोरगं असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलं, तोल जायला लागला, तर बाटली तोंडाला लावत बसू नका. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात काहीही ओतू नका.

वनरक्षकाची चाल

पेयाची खरी परीक्षा होते ती वनरक्षक भरतीत. पुरुषांना ४ तासांत २५ किलोमीटर, महिलांना १६ किलोमीटर चालायचं असतं. गडचिरोली-चंद्रपूरकडची पोरं दरवर्षी याची तयारी करतात, आणि कित्येक जण शेवटच्या पाच किलोमीटरात पोटरीला गोळे येऊन बसतात.

दोन-तीन तास आधी पोटभर पण साधं जेवण, पोहे किंवा वरण-भात. पहिली ४५ मिनिटं फक्त पाणी. त्यानंतर दर अर्ध्या तासाला वरच्या घरगुती पेयाचे २५० मिलिलिटर. चार तासांत साधारण दीड लिटर होतं, म्हणजे ९० ग्रॅम साखर आणि ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम. घाम जास्त जात असेल तर मध्ये साधं पाणी वाढवा. बाटली सोबत नेता येते की ठरलेल्या जागीच पाणी मिळतं, ते सूचनापत्रात आधी बघा, आणि त्याप्रमाणे किमान दोनदा पूर्ण अंतर चालून बघा. परीक्षेच्या दिवशी नवी पावडर, नवा स्वाद, मित्राने दिलेलं पाकीट, काहीही नको.

बाटली रोज गरम पाण्याने धुवा, झाकणातली रबरी चकती काढून. तिच्याखाली काळी बुरशी धरते. उरलेलं पेय दुसऱ्या दिवशीला ठेवू नका, आपल्या उन्हात ते दुपारपर्यंतच आंबतं. पावसाळ्यात पाकिटातल्या पावडरीचे खडे होतात. ओला चमचा आत घालू नका, डबा घट्ट बंद ठेवा. रंग किंवा वास बदलला असेल तर टाकून द्या. आणि घेताना अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक व शेवटची तारीख पाहूनच पैसे काढा. आठवडी बाजारात पिशवीत सुटी मिळणारी नारिंगी पावडर कितीही स्वस्त असली तरी तिला मागची बाजूच नसते.